विमानतळावरील 'बॉडी स्कॅनर' : नकार देण्याचा हक्क कोठे आहे, कोठे नाही?

दरवर्षी जानेवारी जवळ आला की आमच्या सोलापुरातील टॉवेलवाल्यांची धावपळ सुरू होते. घरगुती कापडाचे 'हाइमटेक्स्टिल' हे मोठे प्रदर्शन त्याच महिन्यात जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे भरते. नमुन्याचे तुकडे कापणे, त्यांना पुठ्ठे लावणे, दरपत्रके छापणे, व्हिसासाठी मुंबईच्या खेपा घालणे, हे सर्व आपण मन लावून करतो. एका गोष्टीची तयारी मात्र कोणी करीत नाही. विमानतळावर आपल्या अंगाची जी तपासणी होते, तिच्याविषयी आपण दोन ओळीही वाचलेल्या नसतात. 'वर्दीवाला सांगेल तसे करायचे आणि पुढे सरकायचे' एवढेच आपले धोरण. आम्हीही कित्येक वर्षे असेच वागलो. त्याची किंमत आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने मोजली, म्हणून आज हा विषय व्यापारी बांधवांपुढे मांडीत आहोत.

मामूंची हकीकत

आमचे थोरले मामू टॉवेलच्या धंद्यात आमचे भागीदार होते. शाळा त्यांची चौथीपर्यंत, पण टॉवेलवर नुसता तळवा फिरवून वजन सांगत आणि काट्यावर फार तर पाच-दहा ग्रॅमचा फरक निघे. परदेशी गिऱ्हाईक त्यांच्या या हाताकडे पाहूनच सौदा करीत असे. २०१४ साली ते अडुसष्ट वर्षांचे होते. प्रोस्टेटच्या त्रासामुळे त्यांना लघवीची नळी बसवलेली होती आणि पिशवी मांडीला पट्ट्याने बांधलेली असे. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली होती. प्रदर्शन चांगले झाले, दोन ऑर्डरी मिळाल्या आणि आम्ही परतीला निघालो.

युरोपातल्याच एका विमानतळावर (नाव घेण्यात हशील नाही) रांगेत बॉडी स्कॅनर होता. आम्ही हात वर करून उभे राहिलो आणि पार झालो. मागून मामू आले. यंत्राच्या पडद्यावर मांडीच्या जागी पिवळी खूण उमटली. तेथील तरुण कर्मचारी इंग्रजीत काही विचारू लागला. मामूंना इंग्रजी येत नव्हते आणि आम्ही पलीकडे पट्टा-बूट घालण्यात गुंतलो होतो. आम्ही पोहोचेपर्यंत मामूंनी घाबरून स्वतःच सगळ्यांसमोर कुडता वर उचलला होता. मागे रांगेत आदल्याच दिवशी ज्यांच्याशी सौदा केला त्या कंपनीचे दोन लोक उभे होते. त्यांनी सभ्यपणे नजर वळवली.

त्या कर्मचाऱ्याने आवाज चढवला नाही, अपशब्द काढला नाही. तो आपले काम करीत होता. पाच मिनिटांत सगळे आटोपले. विमानात बसल्यावर मामू बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "बेटा, आपण माल दाखवायला आलो होतो. हे काय दाखवून चाललो?"

त्यानंतर मामू पुन्हा विमानात बसले नाहीत. आम्ही समजावले, डॉक्टरांनी समजावले. दोन वर्षांनी घरातील सर्वजण उमऱ्याला निघाले तेव्हाही ते 'माझ्याने होणार नाही' म्हणून मागे राहिले. २०१९ साली त्यांचे निधन झाले. ऑर्डरी पुढे कमी झाल्या. त्या प्रसंगामुळेच झाल्या असे आम्ही म्हणणार नाही, बाजाराला शंभर कारणे असतात. पण उमरा राहून गेला तो त्या पाच मिनिटांमुळेच, हे आम्हाला ठाऊक आहे.

आमच्या मनाला जास्त लागलेली गोष्ट पुढेच आहे. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की, त्या प्रसंगाच्या दोन वर्षे आधीपासून युरोपात प्रवाशाला स्कॅनर नाकारण्याचा कायदेशीर हक्क होता. यंत्राजवळ तशी सूचना लावलेली असते. आम्ही ती वाचली नव्हती.

हे यंत्र करते तरी काय?

जुनी धातुशोधक चौकट फक्त धातू ओळखते. बॉडी स्कॅनर कपड्याखाली अंगावर जे काही आहे ते शोधतो. मग तो धातू असो, प्लॅस्टिक असो, कागद असो वा पावडर असो. याचे दोन प्रकार निघाले. एक क्ष-किरणांचा, जो अंगावर अत्यल्प किरण टाकून परावर्तित किरणांतून चित्र बनवीत असे. दुसरा 'मिलिमीटर वेव्ह'चा, जो रेडिओ लहरी वापरतो. या लहरी सुती, रेशमी, पॉलिस्टर अशा कोरड्या कापडातून आरपार जातात आणि कातडीवरून परत फिरतात. त्या शरीराच्या आत शिरत नाहीत आणि क्ष-किरणांच्या जातीच्याही नाहीत.

ही यंत्रे विमानतळांवर आधीपासून थोडीफार होती, पण त्यांचा खरा प्रसार झाला तो २५ डिसेंबर २००९ च्या घटनेनंतर. त्या दिवशी ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेला स्फोटक पदार्थ पेटवण्याचा प्रयत्न केला. स्फोट झाला नाही, प्रवासी वाचले. पण धातू नसलेली वस्तू जुन्या चौकटीतून सहज गेली, हे जगाला दिसले. सुरक्षेची गरज खोटी होती असे कोणी म्हणू नये. त्या विमानात आपल्यासारखेच कोणाचे तरी आईबाप बसले होते.

तक्रार होती ती चित्राची. सुरुवातीच्या यंत्रांत बंद खोलीत बसलेल्या कर्मचाऱ्याला प्रवाशाच्या शरीराची जवळजवळ विवस्त्र आकृती दिसत असे. 'चित्रे साठवली जात नाहीत' असे सांगितले जाई. परंतु २०१० साली उघड झाले की, अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ओर्लँडो येथील न्यायालयाच्या दारावर बसवलेल्या अशाच एका यंत्राने सुमारे ३५ हजार चित्रे साठवून ठेवली होती. ते यंत्र विमानतळावरचे नव्हते हे खरे. पण साठवण करता येते एवढे तर सिद्ध झाले.

हयेचा प्रश्न

फेब्रुवारी २०१० मध्ये 'फिक्ह कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिका' या उलेमांच्या मंडळाने या यंत्रांविषयी निवेदन काढले. पुरुष वा स्त्रीने परक्याला विवस्त्र दिसणे इस्लामच्या शिकवणीविरुद्ध आहे, तेव्हा मुस्लिम प्रवाशांनी स्कॅनरऐवजी हाताने होणारी झडती मागावी, असा त्याचा आशय होता. हया ही केवळ आपलीच मिरास आहे असे मात्र नाही. त्याच महिन्यात ख्रिस्ती धर्मगुरू पोप बेनेडिक्ट यांनीही विमान वाहतुकीतील लोकांपुढे बोलताना, सुरक्षा सांभाळताना माणसाची प्रतिष्ठा जपली पाहिजे, असे सांगितले. काही ज्यू धर्मगुरूंनी आक्षेप घेतले. ज्यांना धर्माशी कर्तव्य नव्हते असे हजारो अमेरिकन नागरिकही विरोधात उभे राहिले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये, सणाच्या गर्दीच्या दिवशी, सर्वांनी स्कॅनर नाकारावा अशी हाक दिली गेली.

या दबावाचा परिणाम झाला. २०११ पासून अमेरिकेत यंत्रांची प्रणाली बदलू लागली. आता पडद्यावर प्रवाशाचे चित्र न येता सर्वांसाठी एकच, बाहुलीसारखी साधी आकृती येते आणि शंकास्पद जागी चौकोनी खूण उमटते. क्ष-किरणांच्या यंत्रांत हा बदल वेळेत करता आला नाही, म्हणून अमेरिकेने तसली सुमारे २५० यंत्रे २०१३ च्या मे अखेरपर्यंत विमानतळांवरून हटवली. म्हणजे आज तेथे जे यंत्र भेटते, ते २०१० च्या निवेदनाच्या वेळचे यंत्र नव्हे. मग आजही ते टाळणे आवश्यक आहे काय? हा मसला आपापल्या आलिमांना, यंत्राची आजची स्थिती नीट सांगून, विचारावा. आम्ही कापडवाले, फतवा देणे आमचे काम नव्हे. आम्ही फक्त हक्काची बाजू सांगू शकतो.

कोणत्या देशात काय नियम?

युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्ये नियम केले. स्कॅनर वापरायचा की नाही हे प्रत्येक देशाने ठरवावे; पण वापरला तर प्रवाशाला नकार देण्याची मुभा असलीच पाहिजे. नकार देणाऱ्याची दुसऱ्या पद्धतीने, निदान हाताने, झडती घ्यावी. क्ष-किरणांचे यंत्र नको. चित्र साठवायचे नाही. जेथे माणूस चित्र पाहतो तेथे तो वेगळ्या जागी बसलेला असावा आणि तो पुरुष असावा की स्त्री हे सांगण्याचा हक्क प्रवाशाला असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, यंत्र कोणते आहे आणि ते नाकारता येते, ही माहिती प्रवाशाला आधी दिली गेली पाहिजे.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. तेथे फेब्रुवारी २०१० पासून हीथ्रो आणि मँचेस्टर विमानतळांवर, ज्याला निवडले त्याने स्कॅनरमधून गेलेच पाहिजे, नाहीतर विमान सोडावे, असा कडक नियम होता. मार्च २०१० मध्ये मँचेस्टरहून इस्लामाबादला निघालेल्या दोन स्त्रियांनी, एकीने धार्मिक आणि दुसरीने प्रकृतीच्या कारणाने, नकार दिला आणि विमान सोडून त्या घरी परतल्या. तिकिटाचे पैसे गेले, इज्जत राहिली. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिटन सरकारने नियम बदलला आणि स्कॅनरऐवजी बंद खोलीत झडती मागण्याची सोय झाली. दोन्हीला नकार दिला तर मात्र उड्डाण नाही.

अमेरिकेत प्रवाशाला स्कॅनर नाकारून हाताची झडती मागता येते. जुलै २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने स्कॅनर घटनाबाह्य ठरवला नाही, पण लोकांचे म्हणणे न ऐकता नियम लागू केल्याबद्दल सरकारी खात्याला दोष दिला. नकाराची मुभा आहे, हाही न्यायालयाच्या विचारातील एक मुद्दा होता. खात्याला अखेर मार्च २०१६ मध्ये रीतसर नियम काढावा लागला. परंतु डिसेंबर २०१५ मध्ये आणखी एक बदल झाला, तो ध्यानात ठेवावा : सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास काही प्रवाशांना नकार देता येणार नाही, असे खात्याने जाहीर केले. कोणाला, हे आधी सांगितले जात नाही.

अमेरिकेतील दुसरी अट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. तपासणी एकदा सुरू झाली की 'मला प्रवासच करायचा नाही, मी परत जातो' असे म्हणता येत नाही. २००७ साली तेथील अपील न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तपासणी अर्धवट सोडून निघालेल्यास दंड होऊ शकतो. म्हणून जे ठरवायचे ते रांगेत शिरण्यापूर्वी ठरवावे.

कॅनडात २०१० साली यंत्रे आली तेव्हापासून हाताच्या झडतीचा पर्याय देण्यात आला. ऑस्ट्रेलियाने २०१२ साली याउलट 'स्कॅन नाही तर उड्डाण नाही' असे धोरण ठेवले आणि प्रकृतीचे कारण असेल त्यांनाच सवलत दिली. एकाच यंत्रासाठी इतके वेगवेगळे कायदे आहेत. तेव्हा निघण्यापूर्वी ज्या देशातून विमान धरायचे तेथील आजचा नियम पाहून घ्यावा. आपण ज्या देशाचे नागरिक आहोत तेथील नियम तेथे कामाचा नाही.

आपल्या देशात विमानतळ सुरक्षेच्या केंद्रीय विभागाने एप्रिल २०१९ मध्ये ८४ संवेदनशील विमानतळांवर वर्षभरात बॉडी स्कॅनर बसवण्याचा आदेश काढला होता. ती मुदत टळली. २०२५ साली दिल्लीत नव्या यंत्रांच्या चाचण्या झाल्या. या यंत्रांवरही शरीराचे चित्र न येता साधी आकृती येते. आजवर आपल्याकडे चौकट, हातातील शोधक आणि हाताने चाचपणी हाच रिवाज राहिला आहे. स्त्रियांची झडती स्त्री कर्मचाऱ्याने पडद्याआड घ्यायची, ही आपल्याकडची पद्धत आमच्या मते चांगली आहे. यंत्रे आली तरी तो पडदा जाऊ नये.

कापडवाल्याच्या नजरेने

या यंत्राला सर्वांत जास्त फसवतो तो कपडाच, हे आपल्या व्यवसायातील माणसाला चटकन समजेल. जर्मनीने सप्टेंबर २०१० पासून हॅम्बर्ग विमानतळावर सुमारे दहा महिने चाचणी घेतली. सुमारे ८ लाख प्रवासी त्यातून स्वेच्छेने गेले. खोटे इशारे इतके झाले की सरकारने २०११ मध्ये सर्वत्र यंत्रे बसवण्याचा बेत तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. कपड्यांच्या चुण्या आणि एकावर एक घातलेले कपडे ही त्याची मोठी कारणे होती.

आपला पोशाख आठवून पाहा. सलवारीच्या चुण्या, नाड्याची गाठ, कुडत्यावर बंडी, बंडीवर शेरवानी आणि जानेवारीच्या थंडीत वरून गरम कोट. जरीकामात, ती चांदीची असो वा तांब्याची, धातू असतो आणि धातू लहरी परत फेकतो. ओले कापडही लहरी अडवते, म्हणून घामाने भिजलेला सदराही इशारा देऊ शकतो. दंडावरील तावीजाची डबी, हिजाबच्या टाचण्या, खिशातील तस्बीह, कमरेची पैशांची पट्टी, एवढेच काय पण खिशात राहिलेला हातरुमाल किंवा बिलाचा कागद, सर्वांवर खूण उमटते. अशी खूण उमटली म्हणजे आपल्या नावावरून वा दाढीवरून संशय घेतला, असे लगेच मानू नये. कधी तसे होतही असेल. पण पुष्कळदा कारण नाड्याची गाठ एवढेच असते. आणि इशारा आला की शेवटी हाताची झडती होतेच; म्हणजे स्कॅनरमधून गेल्याने हाताची झडती टळेलच याची खात्री नाही.

प्रवासाला निघताना

अनुभवाने आणि चौकशीने जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिले म्हणजे वेळ हाताशी ठेवावा. नकार देणाऱ्याला समलिंगी कर्मचारी मोकळा होईपर्यंत थांबावे लागते. कधी दहा मिनिटे, कधी अर्धा तास. विमान सुटण्याच्या घाईत हक्क वापरता येत नाही.

दुसरे, नकार यंत्रात पाय ठेवण्यापूर्वी, शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत द्यावा. आमच्यासारखे जे उर्दू वा मराठी शाळेत शिकले त्यांची इंग्रजी वर्दीपुढे घशात अडकते. तेव्हा ही दोन वाक्ये तोंडपाठ करून घ्यावीत : 'आय वुड लाइक टु ऑप्ट आउट, प्लीज.' आणि 'आय रिक्वेस्ट अ प्रायव्हेट स्क्रीनिंग.' पहिल्याने यंत्र टळते, दुसऱ्याने बंद खोली मिळते. कारण सांगण्यासाठी वाद घालू नये, थट्टाही करू नये. विमानतळावर बॉम्बचा नुसता विनोद केल्याने माणसे अडचणीत आली आहेत.

तिसरे, झडती कशी होते हे आधीच जाणून घ्यावे. झडती घेणारा पुरुषासाठी पुरुष आणि स्त्रीसाठी स्त्री असावी, असे मागता येते. अमेरिकेत बंद खोलीत आपल्याबरोबर सोबतीचे एक माणूस नेता येते. २०१० च्या अखेरीपासून तेथील झडती अधिक कसून होते आणि मांड्यांपर्यंत हात जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. कित्येकांना यापेक्षा यंत्र बरे वाटते. डोक्यावरील टोपी, पगडी वा हिजाब काढण्याची वेळ आली तर ते खोलीतच काढू असे सांगावे. काही वेळा आपलाच हात आपल्या टोपीवरून फिरवायला सांगून त्या हातावर स्फोटकाची चाचणी घेतात.

चौथे, आजारी आणि वृद्ध माणूस बरोबर असेल तर त्याला रांगेत मागे सोडून आपण पुढे जाऊ नये. आम्ही हीच चूक केली. नळी, पिशवी, पट्टा, पेसमेकर, जे असेल ते आपण आधी सांगावे आणि खोली मागावी. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी वरच्या खिशात नव्हे, पासपोर्टमध्येच ठेवावी, कारण खिसे रिकामे करावे लागतात.

पाचवे, शेरवानी आणि जरीचे कपडे बॅगेत घालावेत, प्रवासात साधा, कमी चुण्यांचा, कोरडा कपडा वापरावा. नमुन्यांच्या पुठ्ठ्यांना लोखंडी आकडे लावलेले असतील तर ते हातातील पिशवीत न ठेवता सामानात टाकावेत.

आता आम्ही स्वतः काय करतो, असे कोणी विचारील. आम्ही एकटे असलो तर यंत्रातून जातो. आजच्या बाहुलीच्या आकृतीविषयी आम्ही आमच्या आलिमांना विचारून मन निश्चिंत केले आहे. घरातील स्त्रिया बरोबर असतील तर त्यांना आधी विचारतो आणि त्या म्हणतील ते त्यांच्या वतीने सांगतो. गेल्या काही वर्षांत चार वेळा खोली मागितली, चारही वेळा मिळाली. एका ठिकाणी तर कर्मचारी स्त्रीने आमच्या बेगमना खुर्ची दिली आणि थांबावे लागल्याबद्दल माफी मागितली.

दर ठरवताना आपण मीटरमागे पंचवीस पैशांसाठी तासभर बोलतो. सौद्याचा कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करीत नाही. विमानतळावरील ती पाटीही एक कागदच आहे. ती वाचावी. न समजल्यास विचारावे. मामूंच्या वेळी आम्ही विचारले असते, तर एक दार उघडले असते, आत दोनच माणसे असती आणि मामू कदाचित काबागृह पाहून आले असते. आपल्याबरोबर जो वडीलधारा पुढच्या जानेवारीत निघणार असेल, त्याच्यासाठी तरी हे ध्यानात असू द्यावे.